डोळे मिटून आंधळेपण कळत नाही

दर काही महिन्यांनी एक व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरत येतो. जागा बदलते, माणूस बदलतो, गोष्ट तीच. हातात पांढरी काठी असलेला एखादा माणूस लोकलमध्ये नाहीतर बसस्टॉपवर मोबाईल अगदी नाकाजवळ धरून बघत असतो आणि समोरून कोणीतरी गुपचूप शूटिंग करत म्हणत असतं, बघा, आंधळा म्हणे आणि मोबाईल बघतोय. मग खाली दोन गट पडतात. एक म्हणतो सगळी नाटकं आहेत, सर्टिफिकेट काढायचं आणि सवलती लाटायच्या. दुसरा म्हणतो असं बोलू नका हो, बिचाऱ्याच्या नशिबी काय आलंय ते त्यालाच माहीत, आणि देव एक इंद्रिय काढून घेतो तेव्हा दुसरं दुप्पट देतो. पहिल्या गटाचा मला राग येतो, पण दुसऱ्याची मला तेवढीच काळजी वाटते, कारण दोघांचं एका गोष्टीवर पक्कं एकमत आहे: आंधळेपण म्हणजे आपण डोळे मिटल्यावर दिसतो तो काळोख. माझं म्हणणं आहे की भांडण लागायला हवं ते या एकमतावर. कारण डोळे मिटून केलेली हीच कल्पना आपण पुढे बँकेच्या काउंटरवर वापरतो, घर भाड्याने देताना वापरतो, परीक्षेचे नियम करताना वापरतो आणि न्यायाधीश कोण होऊ शकतो हे ठरवतानाही वापरतो. म्हणून हा नुसता नीट वागण्या-बोलण्याचा विषय नाही, ज्याच्या हातात शिक्का आहे त्याच्या डोक्यात काय चित्र आहे हा खरा विषय आहे.

आधी त्या मोबाईलचंच घेऊ. आपल्याकडच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अंधत्वाची व्याख्या आहे आणि त्यात अजिबात न दिसणं ही फक्त एक शक्यता आहे. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ३/६० पेक्षा कमी असेल, म्हणजे इतरांना जे ६० मीटरवरून दिसतं ते ३ मीटरवरूनही नीट दिसत नसेल, तर तो माणूस अंध. आणि समोरचं दिसतंय पण नजरेचा घेर १० अंशांपेक्षा कमी झालाय तर तोही अंध. रेटिनायटिस पिग्मेंटोसा नावाच्या आजारात नेमकं हेच होतं, आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग कडा मिटत जातात आणि नळीतून बघावं तसा मधला तुकडा उरतो, तो कधीकधी वर्षानुवर्षं टिकतो. असा माणूस मोबाईलवरचा मेसेज वाचू शकतो आणि पायाशी असलेला खड्डा त्याला दिसत नाही, दोन्ही एकाच वेळी खरं. मॅक्युलाच्या, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाच्या, आजारात उलटं, मधलं जातं आणि कडा राहतात, म्हणजे माणूस न अडखळता चालतो पण समोरच्याचा चेहरा ओळखू शकत नाही आणि मग सोसायटीत बोभाटा होतो की हल्ली ओळख दाखवत नाही, शिष्ट झालाय. आणि ज्यांना खरोखर काहीच दिसत नाही तेही मोबाईल वापरतातच की, टॉकबॅक लावला की फोन बोलतो, २००९ पासून तर आयफोनमध्येही व्हॉइसओव्हर आहे. मग फोन तोंडासमोर कशाला धरतात? कधी स्पीकर कानाजवळ यावा म्हणून, कधी कॅमेऱ्याने पाटी वाचून घ्यायची असते म्हणून. काही वर्षांपूर्वी परदेशात असाच एका बाईचा काठी आणि मोबाईलवाला फोटो फिरवला गेला होता, तेव्हा जगभरच्या अंध लोकांनी स्वतःचे फोन वापरतानाचे फोटो टाकून उत्तर दिलं होतं. तरी आपल्याकडे अजून तोच पंचनामा चालू आहे.

आता पहिल्या गटाचा सगळ्यात जोरदार मुद्दा मी मान्य करते. खोटी सर्टिफिकेटं असतात. सरकारी नोकऱ्यांत अंध आणि अल्पदृष्टी मिळून आरक्षण १ टक्का, त्यात एकजण खोटा घुसला तर खऱ्या उमेदवाराची जागा जाते, आणि २०२४ मध्ये पुण्यातल्या प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या प्रकरणानंतर लोकांच्या मनात संशय बसला तर त्यात नवल नाही. पण हा संशय तपासायचा कोणी? नजरेचा घेर मोजायचं मशीन असतं, नेत्रतज्ज्ञ असतात, मेडिकल बोर्ड असतं. ते नीट काम करत नसतील तर त्यांना धारेवर धरा, मी तुमच्या बरोबर आहे. दादर ते ठाणे प्रवास करणाऱ्या माणसाने समोरच्याच्या डोळ्यात बघून निकाल द्यायचा हे कुठलं ऑडिट? आणि याची किंमत कोण मोजतं ते बघा. कॉलेजात असताना मी अंध मुलामुलींची रायटर म्हणून पेपर लिहायला जायचे, तेव्हापासूनचे ओळखीचे बरेचजण अल्पदृष्टी आहेत, आणि त्यातले काहीजण संध्याकाळी काठीची खरी गरज असतानाही ती घडी करून बॅगेत ठेवतात. का, तर काठी काढली आणि नंतर घड्याळात बघितलं तर लोक काय म्हणतील. म्हणजे संशय घेणाऱ्यांनी खोटा माणूस एकही पकडला नाही आणि खऱ्या माणसाला मात्र पायऱ्यांवरून पडायची वेळ आणली.

डोळे मिटून बघायच्या या सवयीला तर आपण कार्यक्रमाचंच रूप दिलंय. १५ ऑक्टोबरला पांढरी काठी दिन असतो, त्या आसपास कॉलेजांत आणि कंपन्यांत डोळ्यांवर पट्टी बांधून चालायला लावतात, लोक धडपडतात, कोणी रडतं, मग म्हणतात आज कळलं त्यांचं दुःख. हेतू चांगला असतो यात शंका नाही. पण कळलं काय? २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एरियल सिल्व्हरमन या संशोधक, ज्या स्वतः अंध आहेत, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हेच तपासलं आणि निघालं असं की पट्टी बांधून बघितल्यावर लोकांना अंध माणसं नोकरी करायला आणि एकटं राहायला आधीपेक्षा कमी लायक वाटायला लागली. सरळ आहे ना, पोहायला न येणाऱ्याला विहिरीत ढकललं आणि गटांगळ्या खाऊन तो वर आला तर त्याला पोहण्याबद्दल काय कळलं असणार? पट्टीवाल्याला अनुभव येतो तो नजर गेल्याच्या पहिल्या दहा मिनिटांचा. काठीचा ठोका भिंतीजवळ वेगळा येतो आणि मोकळ्या जागेत वेगळा, पायाखालची फरशी कुठे संपते, रिक्षाचा आवाज कुठून वळला, हे शिकायला महिने जातात, त्याचं शिकवणं असतं, शिक्षक असतात. ते त्या दहा मिनिटांत कुठून येणार?

घरमालकांचं असंच होतं. पुण्यात, मुंबईत नोकरी लागलेल्या अंध मुलामुलींना खोली मिळवताना पहिला प्रश्न येतो तो गॅसचा, तुम्ही गॅस कसा पेटवणार, काही झालं तर जबाबदार कोण. भीती खोटी नाही, आगीची भीती कोणालाही असते. पण मला सांगा आपल्यापैकी कितीजण स्वयंपाक फक्त डोळ्यांनी करतात? मोहरी तडतडली की हिंग घालायचा हे आपण कानाने ठरवतो, कुकरच्या शिट्ट्या दुसऱ्या खोलीतून मोजतो, दूध लागलं की नाक सांगतं, कणीक झाली की नाही ते बोटं सांगतात. अंध बाई हेच सगळं करते, फक्त जास्त लक्ष देऊन आणि वस्तू ठरलेल्या जागी ठेवून. मालकाने डोळे मिटून स्वतःला गॅससमोर उभं केलं आणि तो घाबरला. त्याच्या घाबरण्यावरून दुसऱ्याला खोली नाकारणं बरोबर कसं?

बँकांचा मुद्दा मात्र जरा जास्त गंभीरपणे घ्यायला हवा, कारण मॅनेजरकडे कारण असतं. ज्याला कागद वाचता येत नाही त्याच्याकडून भलत्याच कागदावर सही घेतली जाऊ शकते, एटीएममधले पैसे कोणीतरी काढून घेईल, उद्या तक्रार झाली तर बँकेच्या अंगावर येईल. म्हणून मग जॉइंट अकाउंट काढा, साक्षीदार आणा, चेकबुक कशाला, अंगठाच द्या. रिझर्व्ह बँकेने जून २००८ मध्येच स्पष्ट सांगितलंय की चेकबुक, एटीएम, लॉकर, नेट बँकिंग यातलं काहीही अंध ग्राहकाला अंध म्हणून नाकारायचं नाही, तरी शाखेशाखेत हा वाद नव्याने घालावा लागतो. आणि फसवणुकीचंच म्हणाल तर होमलोनच्या कागदांच्या गठ्ठ्यावर सह्या करताना तुम्ही किती पानं वाचली होती? डोळस माणूसही विश्वासावरच सही करतो. अंध माणसाला निदान तो कागद फोनवर पाठवला तर स्क्रीन रीडरने, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने, पूर्ण ऐकून तरी सही करता येते. म्हणजे उपाय आहे तो कागद वाचता येईल असा देण्यात, आणि आपण करतो काय तर माणसाचा व्यवहार काढून भावाच्या नाहीतर नवऱ्याच्या हातात देतो. मग फसवणूक घरातूनच झाली तर ती बँकेच्या रजिस्टरमध्ये दिसतही नाही.

मशीन आली म्हणून हे संपलं असंही नाही. ऑनलाइन केवायसी करताना स्क्रीन सांगते डोळे मिचकावा, म्हणजे तुम्ही जिवंत आहात हे सिद्ध होईल. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया आणि एक अंध याचिकाकर्ते यासाठी सुप्रीम कोर्टात गेले आणि ३० एप्रिल २०२५ ला कोर्टाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगून वीस निर्देश दिले. ती सिस्टीम बनवणाऱ्या माणसाच्या मनात दुष्टपणा नव्हता, त्याच्या कल्पनेतच असा ग्राहक नव्हता. नोटांचं तसंच. जुनी शंभरची नोट आणि जुनी पाचशेची नोट यांच्या लांबीत १० मिलिमीटरचा फरक होता, बोटाला कळायचा. नव्या दोनशेच्या आणि पाचशेच्या नोटेत तो ४ मिलिमीटरवर आलाय आणि रुंदी सारखीच. घाईगर्दीत भाजीवाल्यासमोर उभं राहून मोजून बघा. मग २०२० मध्ये नोट ओळखायचं ॲप आलं, चांगलं आहे, पण जे बोटाला कळत होतं त्यासाठी आता हातात स्मार्टफोन लागतो.

हे आजचंच आहे असं नाही. पॅरिसमध्ये १७८० च्या दशकात व्हॅलेंतिन आयुई यांनी अंध मुलांसाठी शाळा काढली आणि नेहमीचीच रोमन अक्षरं कागदावर उठवून पुस्तकं केली. त्या काळात अंध मुलं वाचू शकतात हे दाखवणंच केवढं मोठं होतं, त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण ती अक्षरं डोळ्यांसाठी घडलेली, बोटाला एकेक अक्षर चाचपत बसावं लागायचं आणि लिहिता तर येतच नसे. त्याच शाळेतल्या लुई ब्रेल या मुलाने वयाच्या पंधराव्या वर्षी, १८२४ मध्ये, सहा ठिपक्यांची लिपी तयार केली, मुलांनी ती झटक्यात उचलली, आणि १८४० मध्ये नव्या संचालकांनी तिच्यावर बंदी घातली. डोळस शिक्षकांचं म्हणणं होतं की वेगळी लिपी शिकली तर ही मुलं समाजापासून तुटतील, शिवाय आम्हालाच ती वाचता येत नाही. मुलं लपूनछपून ठिपके टोचत राहिली. फ्रान्सने ब्रेल अधिकृत केली १८५४ मध्ये, ब्रेल जाऊन दोन वर्षं झाल्यावर. बंदी घालणारे काही राक्षस नव्हते, मुलांचं भलंच चिंतत होते. त्यांनी फक्त आपल्या डोळ्यांना जे सोपं तेच बोटाला सोपं असणार असं धरलं होतं आणि ज्यांची बोटं होती त्यांना विचारलं नाही.

आता त्या प्रश्नाकडे येते ज्यावर सध्या सगळ्यात वाईट वाद चालतो: अंध माणूस न्यायाधीश होऊ शकतो का. मध्य प्रदेशच्या न्यायिक सेवेच्या नियमांत दृष्टिहीनांना अर्जच करता येणार नाही अशी तरतूद होती. एका दृष्टिहीन मुलाच्या आईने सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं, कोर्टाने तीच याचिका मानली आणि ३ मार्च २०२५ ला तो नियम रद्द केला. त्यावर प्रतिक्रिया आल्या त्या अशा की न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी आहेच, आता न्यायाधीशही तसाच. अशा टवाळीला उत्तर द्यायची गरज नाही, पण विरोधातला चांगला युक्तिवाद आहे आणि तो २०१९ मध्ये याच सुप्रीम कोर्टाने तामिळनाडूच्या एका प्रकरणात मान्यही केला होता: कनिष्ठ न्यायालयातल्या न्यायाधीशाला कागद वाचावे लागतात, साक्षीदार बघावे लागतात, त्यामुळे दृष्टिदोष ५० टक्क्यांपर्यंतच चालेल अशी मर्यादा रास्त आहे. साक्षीदार खोटं बोलताना कसा चुळबुळतो, घाम पुसतो, ते न बघता निकाल कसा देणार?

ऐकायला पटतं. पण चेहऱ्यावरून खोटं कळतं हा आपला डोळसांचा फाजील विश्वास आहे. २००६ मध्ये दोन अमेरिकन संशोधकांनी दोनशेच्या वर अभ्यास एकत्र करून बघितलं तर खरं-खोटं ओळखण्यात माणसं शंभरातून साधारण ५४ वेळा बरोबर येतात, नाणं उडवलं तरी पन्नास येतात. पहिल्यांदाच कोर्टात उभा राहिलेला शेतकरी खरं बोलतानाही घाम पुसतो आणि सराईत माणूस थंड चेहऱ्याने खोटं बोलतो, हे तालुक्याच्या कोर्टातला कुठलाही वकील सांगेल. आणि त्याहून मोठी गोष्ट, अपिलात हायकोर्टाचे न्यायाधीश साक्षीदाराला बहुतेक वेळा बघतच नाहीत, कागदावरची साक्ष वाचून जन्मठेप कायम करतात किंवा रद्द करतात. चेहरा बघणं इतकं आवश्यक असतं तर अपिलांची आपली सगळी व्यवस्थाच कोसळली असती. हस्ताक्षर खरं की खोटं हे डोळस न्यायाधीशही हस्ताक्षरतज्ज्ञाला विचारतात, जखम कशाने झाली ते डॉक्टरला विचारतात. दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघणं हे कोर्टाचं रोजचं काम आहे.

आणि हे नुसतं तर्काचं नाही, करून दाखवलेलं आहे. अठराव्या शतकात लंडनच्या बो स्ट्रीटला जॉन फील्डिंग हे अंध मॅजिस्ट्रेट होते, ते गुन्हेगारांना आवाजावरून ओळखायचे असं सांगतात. दक्षिण आफ्रिकेत झॅक याकूब, सोळा महिन्यांचे असताना नजर गेलेले, १९९८ ते २०१३ तिथल्या घटनात्मक न्यायालयात न्यायाधीश होते. अमेरिकेत डेव्हिड टेटल १९९४ पासून जवळपास तीस वर्षं वॉशिंग्टनच्या अपील कोर्टात न्यायाधीश होते, त्यांची नजर रेटिनायटिस पिग्मेंटोसाने गेली होती. आपल्याकडे साधन गुप्ता १९५३ मध्ये लोकसभेत निवडून गेले, पुढे पश्चिम बंगालचे ॲडव्होकेट जनरल झाले. आपल्या उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांना यूपीएससी पास झाल्यावर रेल्वेच्या अकाउंट्स सेवेने दृष्टिहीन म्हणून घेतलं नाही, त्यांनी परत परीक्षा दिली, १२४ वा नंबर आणला आणि २०१९ मध्ये त्या तिरुवनंतपुरमच्या सब-कलेक्टर झाल्या. हिशेबाच्या टेबलाला ज्या चालल्या नाहीत त्यांनी पुढे महसूल विभाग सांभाळला. यात प्रांजल पाटील यांचं मोठेपण आहेच, पण मला जास्त छळतो तो प्रश्न वेगळा, की ज्यांनी दुसऱ्यांदा परीक्षा दिली नाही, घरी बसले, ते किती?

इथे दुसऱ्या गटाकडे परत यावं लागतं, कारण अशा नावांची यादी वाचली की ते म्हणतात बघा, देवाची देणगी. एक गोष्ट मान्य, लहानपणापासून अंध असलेल्यांच्या मेंदूतला बघण्याचा भाग ब्रेल वाचताना कामाला लागतो हे संशोधनात दिसलंय. पण ब्रेल वाचता येते ती वर्षानुवर्षं सराव केल्यामुळे. नजर गेली म्हणून कान आपोआप तीक्ष्ण होत नाहीत, गळा तर नाहीच नाही, बेसूर अंध माणसंही भरपूर आहेत आणि त्यांना प्रत्येक शाळेच्या गॅदरिंगमध्ये गाणं म्हणायला लावतात. देणगी म्हटलं की शिकवायची जबाबदारी संपते. ब्रेलची पुस्तकं वेळेवर छापायला नकोत, काठी वापरायला शिकवणारे शिक्षक नेमायला नकोत. कौतुक करणाऱ्यांनी एकदा हे मनावर घ्यावं की एकट्याने बसमधून आलात, ग्रेट आहात हो, हे वाक्य एका एमए झालेल्या माणसाला ऐकवणं म्हणजे त्याच्याकडून आपण किती कमी अपेक्षा ठेवली होती ते सांगणं आहे. आणि हॉटेलात वेटर सोबतच्याला विचारतो ना, यांना साखर चालते का, तेव्हा बाजूला बसलेल्या माणसाला ऐकू येत असतं.

मदत करूच नका असं मी म्हणत नाहीये. आपले रस्ते असे आहेत की डोळसालाही हात लागतो, फुटपाथवर खोदलेलं, पिवळ्या उठावाच्या फरशा सरळ विजेच्या खांबात जाऊन संपतात. फक्त दंड पकडून ओढू नका. विचारा, हो म्हणाला तर तुमचं कोपर द्या, तो धरेल आणि अर्धं पाऊल मागून चालेल. नाही म्हणाला तर रागवू नका.

शेवटचा आक्षेप नेहमी खर्चाचा असतो. कोर्टात, ऑफिसात हे सगळं करायला पैसे कुठून आणायचे? काही खर्च खराच आहे, वाचून दाखवणारा सहायक नेमावा लागेल, आणि तो विश्वासू असला पाहिजे हाही प्रश्न खरा. गाडी चालवणं अंध माणसाला जमणार नाही हेही खरं, ते कोणी मागतही नाही. सीसीटीव्हीचं फुटेज ही न्यायाधीशासाठी खरी अडचण आहे, तिथे दोन्ही बाजूंच्या वकिलांसमोर त्यात काय दिसतं ते उघड कोर्टात बोलून नोंदवावं लागेल आणि त्यावर वाद झाला तर तोही नोंदवावा लागेल. पण बाकीचं बघा, एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे, ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणाने तो २००६ मध्ये सुरू केला, मराठीही वाचतो. त्याला अडतं ते कुठे, तर आपण कागदाचा वाकडातिकडा फोटो काढून पीडीएफ म्हणून अपलोड करतो तिथे. तीच फाईल टाईप केलेली टाकली तर एक रुपया जास्त लागत नाही आणि डोळस वकिलालाही त्यात शोधता येतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंच आहे की सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सगळं वापरता यावं यासाठीचे, नियम नुसते सल्ल्यासारखे चालणार नाहीत, किमान काही बंधनकारक हवेत. तेव्हा पुढच्या वेळी काठीवाल्याचा व्हिडिओ आला तर तो पुढे पाठवण्याऐवजी आपल्या ऑफिसच्या वेबसाईटवरचा फॉर्म टॉकबॅक लावून भरून बघा, कुठे अडतो ते लिहून ज्याच्या हातात शिक्का आहे त्याला पाठवा, आणि दुरुस्त झाला की नाही हे विचारत राहा.